सकाळी पाहू

राज्य शासनाच्या कोषागारात आमची चौतीस वर्षे गेली. आकडा पाहताच त्यातली खोट ओळखण्याचा आम्हांला थोडा अभिमानही होता. थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, रक्ततपासणीच्या कागदाने तो उतरवला.

दादांना फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधे शिरेवाटे द्यावयाची ठरली. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण हाडांच्या मज्जेत रात्रंदिवस रक्त घडवणाऱ्या पेशीही तशाच. औषधाला आपपर कळत नाही. पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल हे जंतूंवर प्रथम धावून जाणारे शिपाई. त्यांचे आयुष्य अल्प, म्हणून नवी भरती थांबली की पहारा विरळ होतो. मज्जेतला साठा काही दिवस पुरतो आणि तूट बहुधा दुसऱ्या आठवड्यात दिसते. नेमकी तेव्हाच मळमळ ओसरून रुग्णाला हुशारी वाटू लागलेली असते.

दुसऱ्या सलाइननंतरचा बारावा दिवस रंगपंचमीचा होता. राजवाड्याकडची गेर पाहायला आप्तमंडळी दरवर्षी आमच्याकडेच उतरतात. दादा म्हणाले, "अरे, आज मला अगदी बरं वाटतंय. येऊ देत सगळ्यांना." घर भरले. दादांनी पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. रात्री साडेदहाला अंगात 101 अंश ताप. वहिनींनी विचारले, "भाऊजी, आत्ताच न्यायचं का?"

आम्ही म्हणालो, "सकाळी पाहू." नोकरीत किती फायली या दोन शब्दांवर निजवल्या असतील!

सकाळी न्यूट्रोफिल 400 भरले. 500 च्या खाली गेले की साधा जंतूही जिवावर बेततो. प्रतिजैविके लगेच शिरेतून सुरू झाली. आम्ही पाहुण्यांना दोष देऊ लागलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काका, गर्दी टाळायला हवी होती, हे खरं. पण अशा वेळी बरेचदा जंतू रुग्णाच्या स्वतःच्याच तोंडातले, आतड्यातले असतात. पाहुण्यांपेक्षा ती रात्र महागात पडली असती." पू धरायलाही पांढऱ्या पेशी लागतात, त्याच नसल्या की ताप ही कित्येकदा एकमेव खूण उरते. ती खूण आम्ही रात्रभर उशाशी ठेवली होती.

आठवड्याने दादा घरी आले. पुढच्या खेपेपासून मज्जेला चेतवणारे इंजेक्शन सुरू झाले. न्यूट्रोफिल तीन आठवड्यांत सावरतात. जुन्या जंतूंची ओळख जपणाऱ्या लिंफोसाइट पेशींना मात्र कित्येक महिने लागतात. तरी नवल असे की, औषधाने मरणारी कर्करोगाची पेशी कधी कधी आपल्या खुणा मागे सांडते आणि उरलेल्या लिंफोसाइटना जागे करते. त्या पेशींना आवरून धरणारे लगाम सोडवण्याची वाट दाखवली म्हणून जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. आता फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना तशी औषधे केमोच्या जोडीने देतात. एका हाताने पहारेकरी आडवे होतात, दुसऱ्या हाताने त्यांनाच हाक दिली जाते.

चौथ्या सलाइननंतर एका रात्री दादांना पुन्हा ताप भरला. वहिनींनी विचारण्याआधीच आम्ही रिक्षा आणायला निघालो होतो. आकडा ठीक निघाला. फेरी फुकट गेली. एवढा अनावश्यक खर्च एवढ्या आनंदाने आम्ही चौतीस वर्षांत कधी मंजूर केला नव्हता.