उदगीरच्या थेट दक्षिणेला

उदगीरला आमच्या आक्काच्या घरात, देवघराशेजारच्या खिळ्याला, जगाचा एक नकाशा टांगलेला आहे. नकाशा साधाच, शाळेतल्या मुलांसाठी मिळतो तसला. पण त्यावर दोन टाचण्या टोचून एक काळा दोरा ताणून बसवलेला आहे. वरची टाचणी उदगीरवर. खालची अगदी तळाच्या पांढऱ्या पट्ट्यावर, अंटार्क्टिकात. पाहुण्याची नजर आधी देवाकडे जाते, मग दोऱ्याकडे, आणि मग तो हमखास विचारतो, "हे काय?" आक्काला तेवढेच हवे असते.

दोऱ्याची गंमत अशी की तो जवळजवळ सरळ आहे. उदगीर पूर्व रेखांश ७७ च्या किंचित पलीकडे आणि अंटार्क्टिकातले आपले भारती हे संशोधन केंद्र ७६ च्या किंचित पलीकडे. म्हणजे उदगीरहून नाक दक्षिणेकडे धरून निघालेला माणूस बिदरच्या मुलखातून कर्नाटकात उतरेल, तुमकूर गाठेल, त्रिवेंद्रम आणि कन्याकुमारी यांच्या मधे कुठेतरी जमीन सोडील आणि मग पाणीच पाणी. ॲमस्टरडॅम आणि सेंट पॉल ही फ्रेंचांची दोन इवलीशी बेटे नकाशावर जरा उजवीकडे राहतात. बाकी काही नाही. पावणेदहा हजार किलोमीटरांचा प्रवास संपता संपता समोर बर्फ येतो, आणि तिथे आमचे भाचेबुवा पंधरा महिने राहून आले आहेत.

हा दोरा आक्काने बांधला तो भाचा निघाला त्या आठवड्यात. मला तेव्हा हसू आले होते. पण संध्याकाळी पाय मोकळे करायला किल्ल्यावर गेलो आणि हसू मावळले. उदगीरचा किल्ला म्हटले की आपल्याला १७६० आठवते. सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाला नमवले आणि वर्षभरातच ते पानिपतावर गेले. गावचा माणूस ही गोष्ट सांगताना विजयाच्या ठिकाणी आवाज चढवतो आणि पुढचे वाक्य हळू बोलतो. मी तटावर उभा राहून दक्षिणेकडे पाहिले. सोयाबीन निघालेली काळी राने, मधे उभी तूर, दूर कुणाच्या तरी देवणी बैलांची जोडी. या दिशेने असेच पाहत गेले तर शेवटी भाचा, हा विचार मनात आला आणि गेलाच नाही.

भाचेबुवा शास्त्रज्ञ नव्हेत. ते यंत्रे सांभाळणारे. केंद्रातली वीज आणि ऊब चालू ठेवणे हे त्यांचे काम. अंटार्क्टिकाचा आपला सारा कारभार गोव्याहून चालतो. वास्कोजवळ हेडलँड साड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. भाच्याला भेटायला मी तिथवर गेलो होतो. खाली मुरगावचे बंदर, घामाने सदरा अंगाला चिकटलेला, आणि त्याच आवारात शून्याखाली वीस अंशांच्या कोठडीत ध्रुवावरून आणलेले बर्फाचे दांडे जपून ठेवलेले! याच गोव्याच्या किनाऱ्यावरून ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस माणसे 'पोलर सर्कल' जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. पुढे दक्षिण गंगोत्री झाली, ती बर्फात गाडली गेली. मग मैत्री झाली. आणि २०१२ साली भारती. एकशे चौतीस मालवाहू पेट्या जोडून उभे केलेले घर ते! आक्का म्हणाली, "म्हणजे पत्र्याचं घर की रे." तांत्रिकदृष्ट्या तिचे चुकले नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळतो.

गेल्या वर्षी राखीपौर्णिमेला मी उदगीरला होतो. दुपारी भाच्याचा फोन आला. तिकडे ऐन हिवाळा. मे अखेरीला मावळलेला सूर्य जुलैच्या मध्यावर उगवलेला, दिवस अजून तोकडेच. दोन दिवस आतल्या पठारावरून समुद्राकडे सोसाट्याचा वारा सुटला होता, तो नुकता पडला होता. भाचा म्हणाला, "मामा, क्षितिजावर ढगाची खालची बाजू काळी दिसतेय. तिकडे पाणी उघडलंय."

बर्फावरचे ढग खालून पांढरे दिसतात, कारण बर्फ उजेड परत फेकतो. जिथे बर्फ नाही तिथे ढगाचे पोट काळवंडते. जुने दर्यावर्दी हाच काळा डाग पाहून जहाज हाकीत.

आक्काने फोन माझ्या हातून घेतला. "आज नारळी पौर्णिमा. आजच पाणी उघडलं! मग बोट येणार का तुझी?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग भाचा म्हणाला, "नाही आई. हे पाणी बर्फ वितळून नाही उघडलं. इथेच तर सगळ्यात जास्त बर्फ तयार होतो."

"काय सांगलालास?" आक्का म्हणाली, आणि फोन तुटला.

आक्काची समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यासाठी आधी मला ते समजून घ्यावे लागले. गोठलेल्या समुद्रात मधेच उघडी राहणारी जी पाण्याची जागा, तिला रशियन शब्दावरून पॉलिन्या म्हणतात. किनाऱ्याजवळच्या पॉलिन्या वारा घडवतो. पठारावरून घसरत येणारा थंडगार वारा समुद्रावर नुकता धरलेला बर्फ लोटून दूर नेतो. पाणी उघडे पडते. उघडे पाणी म्हणजे पांघरूण काढलेले अंग. त्याची ऊब भराभर आभाळात जाते आणि ते पुन्हा गोठू लागते. समुद्राचे खारे पाणी शून्याखाली साधारण पावणेदोन-दोन अंशांवर गोठते. बर्फ धरतो, वारा तोही नेतो, पुन्हा धरतो.

आक्का दूध तापवत होती. ती म्हणाली, "साय काढल्यासारखं. काढली की पुन्हा धरती." मी आठ दिवस पुस्तके चाळून जे सांगू पाहत होतो ते तिने पातेल्यावर संपवले.

पण दुधाच्या दाखल्यात एक गोष्ट येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. समुद्राचे पाणी गोठते तेव्हा मीठ बर्फात फारसे शिरत नाही. ते खालच्या पाण्यात मागे राहते. बर्फामागून बर्फ निघून जातो आणि मागचे पाणी अधिकाधिक खारे, गार आणि जड होत जाते. शेवटी ते बुडते, उतारावरून घरंगळत चार-चार हजार मीटर खोल जाते आणि महासागराच्या तळाशी पसरत उत्तरेकडे सरकते. आपल्या उष्ण कटिबंधातही हिंदी महासागराचा तळ एक-दोन अंशांइतका थंड असतो, तो या दक्षिणेच्या पाण्यामुळे. वरून दोरा दक्षिणेकडे जातो; खालून पाणी आपल्याकडे येते. त्याला शेकडो वर्षे लागतात, एवढेच.

हे जड पाणी वेडेल समुद्र, रॉस समुद्र आणि अडेली किनारा अशा तीन ठिकाणी तयार होते हे ठाऊक होते. चौथा उगम जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ साली जाहीर केला: केप डार्नली, भारतीच्या पश्चिमेला काही शे किलोमीटरांवर. बर्फ तयार करण्यात तिथल्या पॉलिन्याचा नंबर रॉस समुद्राच्या खालोखाल लागतो. समुद्राच्या तळाशी यंत्रे नांगरून ठेवून त्यांनी ते पाणी पकडले. आणि दुसरे मदतनीस होते हत्ती-सील!

हा प्रकार मला सर्वांत आवडला. हिवाळ्यात त्या पाण्यापर्यंत जहाज पोचणे महाकठीण. पण हत्ती-सील नावाचा गलेलठ्ठ प्राणी तिथे खुशाल वावरतो आणि शेकडो मीटर बुड्या मारतो. त्याच्या डोक्यावरच्या केसांना एक लहानसे यंत्र चिकटवतात. बुडी मारताना ते पाण्याची खोली, तापमान आणि खारटपणा टिपते. सील श्वास घ्यायला वर आला की उपग्रहाकडे निरोप धाडते. पुढे केस गळले की यंत्रही गळते. पगार नाही, भत्ता नाही, रजेचा अर्ज नाही. भाचेबुवांना मी म्हटले, "तुझ्यापेक्षा सरकारला तो स्वस्त पडत असेल."

सगळ्या पॉलिन्या किनाऱ्याला नसतात. मैत्री केंद्राच्या बाजूला, भर समुद्रात, मॉड राइज नावाच्या बुडालेल्या डोंगरावर कधी कधी एक उघडते. तिथे खालचे उबदार पाणी वर येऊन बर्फ वितळवते. १९७४ ते १९७६ या तीन हिवाळ्यांत त्या भागात उघडलेली जागा अडीच लाख चौरस किलोमीटरांच्या घरात होती. सारा महाराष्ट्र तीन लाख सात हजारांचा, यावरून अंदाज करावा. मग चाळीस वर्षे तिने एवढे मोठे तोंड दाखवले नाही. २०१६ आणि २०१७ साली ती पुन्हा उघडली, तेव्हा तिचा माग काढणाऱ्यांत आपल्या गोव्याच्या केंद्राचे शास्त्रज्ञही होते. त्यांचा लेख २०१९ साली प्रसिद्ध झाला.

भारतीच्या शेजारी मात्र काळजीचे कारण वेगळे आहे. जमिनीवरच्या हिमनद्या समुद्रात उतरून तरंगत राहतात आणि त्यांची प्रचंड पठारे होतात. तसले एमरी नावाचे पठार तिथे आहे, साठ हजार चौरस किलोमीटरांचे. २०१९ च्या सप्टेंबरात त्याचा सोळाशे चौरस किलोमीटरांहून मोठा तुकडा सुटला. लातूर जिल्ह्याच्या पाव हिश्शाला थोडा कमी. तुकडे सुटणे हा पठाराचा नित्यक्रमच, त्याचे फार भय बाळगू नये. भय आहे ते पोटातून वितळण्याचे. वितळलेले पाणी गोडे. ते बाजूच्या पॉलिन्यात मिसळले की तिथले पाणी तितके खारे, तितके जड होत नाही. सीलांनी जमवलेल्या नोंदींवरून २०१६ साली शास्त्रज्ञांनी हेच दाखवले: एमरीचे पाणी शेजारच्या उपसागरातल्या जड पाण्याला हलके करते. बर्फाचा कारखाना चालू, पण माल तळापर्यंत पोचत नाही. वितळणे वाढले तर खोल समुद्राला होणारा गार, ताज्या हवेने भरलेल्या पाण्याचा पुरवठा आटत जाईल.

आक्काने हे शांतपणे ऐकून घेतले. २०१६ म्हटल्यावर ती थांबली. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मी तिला सांगितले. तिने मान हलवली आणि म्हणाली, "संबंध नसंल. पण आडात नसलं तर पोहऱ्यात येत नाही, हे तिथंबी खरं आणि इथंबी." त्या दिवसापासून ती पॉलिन्याला आडच म्हणते. फोनवर मुलाला विचारायची, "आड उघडाय का झाकला?" आणि तोही सांगायचा. गंमत म्हणजे "आड उघडाय" म्हटल्यावर ती खट्टू होईनाशी झाली. बोट त्या पाण्याने येणार नव्हती, हे तिने पत्करले होते.

भाऊबीजेला तो तिथेच होता. तिने त्याच्या नावाच्या करंज्या डब्यात भरून ठेवल्या. दोन महिन्यांनी मोलकरणीच्या मुलांना दिल्या.

मार्चमध्ये भाचेबुवा परतले. जाताना आक्काने तुळशीवृंदावनात ठेवायला तिथला एखादा खडा मागितला होता. पण अंटार्क्टिकातून परवान्याशिवाय खडासुद्धा उचलायचा नाही असा करार आहे. तो हात हलवत आला. आक्काने खिसे चाचपून पाहिले, मग त्याचे गाल. नंतर त्याने एक छायाचित्र काढून दाखवले: खाली पांढरे मैदान, वर पांढरे ढग आणि दोहोंच्या मधे, दूर, ढगाच्या पोटाला एक काळी रेघ. आक्काने ते चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि नकाशावरच्या खालच्या टाचणीला अडकवून ठेवले. दोरा तिने अजून काढलेला नाही. भाचा म्हणतो, पुढच्या मोहिमेसाठी अर्ज करावा की काय. तो हे माझ्याशी अंगणात, हळू आवाजात बोलतो.