अंधारात संपणारे स्तोत्र

गोरवा आता गाव उरलेले नाही. बडोदा वाढत आले आणि त्याला पोटात घेऊन रिफायनरीच्या दिशेने पुढे निघून गेले. इथल्या एखाद्या मराठी ख्रिस्ती घरात शाळा गुजरातीत होते, कारखान्यातली पाळी हिंदीत आणि प्रार्थना मराठीत. अशा घरातला कुणी महिनोन्महिने अंथरुणातून उठेनासा झाला, त्याची जेवणावरची वासना गेली, की मंडळीतली माणसे भेटीला येतात, वचने वाचतात. चिंता करू नये, आनंदी राहावे, प्रभूवर भार टाकावा. वचने खरी असतात, येणाऱ्यांची मायाही खरी असते. तरीही ऐकणारा आणखी खचतो, कारण त्याला त्यातून एवढेच ऐकू येते की आनंदी राहणे हे कर्तव्य होते आणि तेही आपल्याकडून झाले नाही. नैराश्यात पवित्र शास्त्राचा आधार मिळतो, याबद्दल मला शंका नाही. मात्र तो ज्या पानांत आहे, ती पाने आपण आजाऱ्यासमोर सहसा उघडत नाही.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत आणि त्यांतला सुमारे तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. त्यांतली बहुतेक गाऱ्हाणी शेवटाकडे वळतात, स्तुतीवर येऊन थांबतात. 88वे मात्र वळत नाही. देव तोंड फिरवून बसला आहे, सोबती दुरावले आहेत, आणि स्तोत्र अंधारातच संपते. संग्रह करणाऱ्यांना शेवटी दोन आशेच्या ओळी जोडणे अवघड नव्हते. त्यांनी त्या जोडल्या नाहीत, आणि अशा स्तोत्राला उपासनेत जागा दिली. खरे तर मराठी माणसाला यात नवल वाटू नये. तुकोबांनी विठ्ठलाला काय काय सुनावले आहे, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या गातो, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत. देवाशी भांडण्याची एवढी मोठी परंपरा घरात असताना आपल्या प्रार्थनासभांत साक्ष द्यायला उभा राहतो तो बहुधा बरा झालेलाच. अजून बरा न झालेल्याने कधी बोलायचे?

यावर विश्वासणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो: पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीला सदैव आनंदी राहायला सांगितले आहे, मग खिन्नता म्हणजे विश्वासातली कसरच नव्हे काय? पण त्याच अध्यायात, या आज्ञेच्या अगदी थोडे आधी, खचलेल्यांना धीर द्या आणि दुबळ्यांना सांभाळून घ्या असेही पौल सांगतो. खचलेली माणसे मंडळीत असणार, हे त्याने गृहीतच धरले होते. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी तर तो आशिया प्रांतात आपण जगण्याचीही आशा सोडली होती, असे उघड सांगतो. एलीयाची गोष्ट याहून बोलकी आहे. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळाल्यावर तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याला कुणी विश्वासाचा पाठ शिकवत नाही. दूत त्याला उठवतो, भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपला तर झोपू देतो आणि पुन्हा खायला घालतो. देवाचा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनी, होरेबवर. आणि एलीया तेच गाऱ्हाणे दोनदा सांगतो, तेही ऐकून घेतले जाते. आधी अन्न आणि झोप, मग बोलणे. कोणताही जाणता डॉक्टर याच क्रमाने जाईल.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तो जास्त गंभीर आहे: शास्त्राच्या नादात उपचार लांबतात. हे नाकारून चालणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत वीस प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी तरी नैराश्य आल्याचे दिसले, आणि मनाच्या आजारांनी ग्रासलेल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. शिवाय आजारी मन शास्त्रसुद्धा आपल्याविरुद्ध वाचते. इंग्रज कवी विल्यम कूपर याची भजने आजही चर्चमध्ये गायली जातात. पण देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे ही त्याची भ्रांत 1800 मध्ये तो मरेपर्यंत सुटली नाही. त्याच्याइतके शास्त्र फार थोड्यांनी वाचले असेल. तेव्हा वचन हे औषध आहे असे म्हणणाऱ्यांनी थोडे जपून बोलावे. माझा दावा लहान आहे. गोळ्यांनी झोप लागेल, भूक परत येईल. पण त्या अवस्थेत आपण देवाच्या नजरेतून उतरलो आहोत ही जी खात्री मनात घर करते, तिला उत्तर देणे विलापाच्या पानांना जमते. कारण शास्त्राने ती खात्री बोलून दाखवणाऱ्यांना बाहेर काढलेले नाही.

मग दुःख बोलायला कविता काय कमी आहे, असे कुणी विचारील. कमी नाही, पण ही स्तोत्रे कुणाला तरी उद्देशून आहेत आणि ती एकट्याने म्हणायची नसतात. ज्याला स्वतःला शब्द फुटत नाहीत, त्याच्या वतीने शेजारच्या बाकावरचा ती म्हणू शकतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षे खपून बायबल सोप्या मराठीत आणले, ते जेमतेम वाचता येणाऱ्या बायकांसाठी. त्या मिशनमध्ये 1900 च्या दुष्काळातून गुजरातहून आणलेल्या मुलीही होत्या. विलापाच्या पानांवर कुणाचा हक्क असेल तर तो त्यांचा होता. खुद्द रमाबाईंनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही बरीच वर्षे आपल्याला शांती लाभली नव्हती, असे पुढे मोकळेपणाने लिहिले. जुलै 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मनोरमा गेली. भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या.

पाळकांना माझी विनंती एवढीच: एखाद्या रविवारी 88वे स्तोत्र शेवटपर्यंत वाचा आणि त्याला लगेच आनंदाचे गीत जोडू नका. भेटीला जाणाऱ्यांनी आधी त्या माणसाने काही खाल्ले का, तो झोपतो का, डॉक्टरांकडे गेला का, हे विचारावे, वचन त्यानंतर. मरणाचे विचार येत असतील तर त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरकडे घेऊन जावे. टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मदत मिळते, मराठीतही आणि गुजरातीतही.