तृष्णा

आष्टी, मे महिना. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून अंगणात घागरी मांडल्यात आणि माझ्या मनात एक जुनी होडी.

‘तृष्णा’. ३७ फुटी, शिडाची. लष्कराच्या इंजिनिअर्सनी ती ब्रिटनमध्ये वापरलेलीच विकत घेतली आणि १९८५ ते १९८७ या काळात तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या होडीतून ही प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नाव मात्र तहानेचं! आमच्या दुष्काळी गावात ते काळजालाच भिडतं.

जुन्या होडीचा रंग बघून भुलू नये, असं मला ठामपणे वाटतं. शीड शिवता येतं; डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा आणि तळाचे बोल्ट आधी तपासावेत, तुटले तर भर समुद्रातच तुटतात. आजोबा मोट विहिरीत सोडण्याआधी तिची शिवण अशीच बोटांनी चाचपत.