तारेचा ताप

विद्युत मंडळाच्या चाकरीत वर्धा नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या 220 किलोव्होल्टच्या वाहिनीची देखरेख माझ्याकडे आली, आणि तारेला किती ताप सोसवतो हा प्रश्न तेव्हा मनात जो शिरला तो आजतागायत तेथेच आहे. पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचे पीळ घातलेल्या त्या तारेची मर्यादा दप्तरी 75 अंश सेल्सिअस अशी नोंदलेली होती. ती ओलांडली म्हणजे तार लांबून झोळ वाढतो, भूमीपासून राखावयाचे सुमारे 7 मीटरचे अंतर घटते, आणि अतिताप दीर्घकाळ टिकल्यास ॲल्युमिनियमचे बळ कायमचे क्षीण होते.

वैशाखातील एके दिवशी, शेजारची वाहिनी दुरुस्तीसाठी बंद असल्यामुळे, आमच्या वाहिनीवर जादा भार घेण्याचा हुकूम भारप्रेषण केंद्राकडून आला. थिओडोलाइट लावून मी झोळ मोजीत होतो आणि उपकेंद्रातून प्रवाहाचे आकडे कळत होते. दुपारी वारा पडला. प्रवाहाचा आकडा तसूभरही हलला नाही, तरी पाव तासाच्या आत तार स्पष्टपणे खाली उतरली, कारण प्रवाहाने आणि सूर्याने तारेत ओतलेली उष्णता वाहून नेणारा वाराच उरला नव्हता. खालच्या गाडीवाटेने पऱ्हाट्यांनी लादलेल्या बैलगाड्या जात होत्या. मी तत्काळ वर्दी दिली, केंद्राने भार उतरविला, आणि तार हळूहळू पूर्वपदावर आली.

14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झोळलेल्या वाहिन्या खाली वाढू दिलेल्या झाडांना टेकल्या, आणि त्यातून ओढवलेल्या अंधाराने अमेरिका व कॅनडातील सुमारे 5 कोटी लोकांना ग्रासले. त्या पहिल्या वाहिन्यांवरील भार नेमलेल्या मर्यादेच्या आतच होता, हे चौकशीत निष्पन्न झाले. तारेखालचे अंतर मोकळे नसेल, तर कागदावरील मर्यादेला अर्थ नाही.

आता तारेवरच बसविता येणारी यंत्रे तिचे तापमान व झोळ घटकेघटकेला कळवितात. त्यांच्या आधारे वाऱ्याच्या दिवशी अधिक वीज निर्धास्तपणे नेता येते आणि निर्वात दुपारी वेळीच हात आखडता घेता येतो. जेथे ही यंत्रे नाहीत, तेथील अभियंत्यांनी प्रवाहाच्या आकड्यावर न विसंबता उन्हाळ्यात प्रत्यक्ष झोळ मोजावा, आणि शेतकरीबांधवांनी वाहिनीखाली झाड, गंजी वा छप्पर उभे करू नये, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.