टाकीतील अदृश्य गळती

पाणी वाया जाते असे म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो रस्त्यावरचा फुटका नळ, किंवा काठोकाठ भरून वाहणारी बादली. ही गळती दिसते, म्हणून कोणीतरी धावत जाऊन ती थांबवितो. परंतु वाचकहो, फरशीवर एक थेंबही न सांडता होणारी एक गळती आपल्या घरात असू शकते. शौचालयातील फ्लशची टाकी भरल्यावरही आत बारीक खळखळ चालू राहते आणि स्वच्छ पाणी भांड्यातून थेट गटारात जाते.

आमच्या घरी ही खळखळ प्रथम ऐकली ती आईने. ती चार दिवसांसाठी गावाहून आली होती. तिचे बालपण विहिरीचे पाणी पोहऱ्याने शेंदण्यात गेलेले. कोठेतरी पाणी वाहते आहे एवढ्या जाणिवेनेच तिला झोप येईना. “अरे, एवढे पाणी कोण सोडते आहे?” असे तिने विचारले, आणि मी त्याच रात्री टाकीचे झाकण काढले.

आतील रचना मोठी सुबोध असते. तळाशी एक झडप असते. फ्लश ओढला की ती उचलली जाते व पाणी भांड्यात कोसळते. टाकी रिकामी होताच झडप बसते. पाण्याबरोबर खाली गेलेला तरंगता गोळा नळ उघडतो आणि पाणी वर आले की तोच नळ बंद करतो. मध्ये एक उभी नळी असते. गोळ्याने काम चुकविले तर जादा पाणी तिच्यातून भांड्यात उतरते. खोलीत पाणी होत नाही ते हिच्यामुळे. आणि गळती कळत नाही तीही हिच्यामुळेच.

तेव्हा दोष दोनच ठिकाणी संभवतो : वर गोळ्यात, नाही तर खाली झडपेत. तो ओळखण्यासाठी टाकी भरू द्यावी, कोपऱ्यातील तोटी बंद करावी आणि पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करावी. पाणी नळीच्या तोंडाशीच थांबून राहिले, तर दोष गोळ्याचा. खुणेखाली उतरू लागले, तर झडपेचा. आमची पातळी १० मिनिटांत इतकी उतरली, की खुणेपर्यंत पुन्हा भरावयास २ लिटर पाणी लागले. म्हणजे तासाला १२ लिटर, दिवसाला २८८! २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण घरातील प्रत्येक माणसाला दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या मापाने पाच माणसांच्या दिवसभराच्या पाण्याहून अधिक पाणी आमच्या घरातून कोणाच्याही हाताला न लागता जात होते.

दुरुस्ती मात्र अगदी साधी निघाली. तोटी बंद ठेवून टाकी रिकामी केली. झडपेखालचे रबर कडक होऊन त्याला चीर गेली होती, आणि ते जेथे टेकते त्या कडेवर क्षारांचा पांढरा थर साचला होता. व्हिनेगारात भिजविलेल्या फडक्याने तो पुसून काढला. जुने रबर नमुन्यादाखल दुकानात नेले, कारण यांची मापे निरनिराळी असतात. त्याला शुद्ध मराठी प्रतिशब्द कोणता, या विचारात माझे भाषांतरकाराचे मन गुंतले होते, तोवर दुकानदाराने “वायसर ना?” म्हणून नवे रबर पुढेही केले. ते बसविण्यास पाव तास पुरला.

गोळ्याचा दोष असेल तर काम याहून सोपे. जुन्या पद्धतीच्या गोळ्याची पितळी दांडी किंचित खाली वाकवावी. नव्या प्लास्टिकच्या गोळ्याचा स्क्रू फिरवावा. पाणी नळीच्या तोंडाखाली सुमारे १ इंचावर थांबले म्हणजे झाले. गोळा हाताने वर उचलूनही धार थांबत नसेल, तर नळाच्या तोंडाचे वायसर झिजले आहे किंवा त्यात कचरा अडकला आहे असे समजावे.

पाणी ओढून आणावे लागे तेव्हा त्याचे मोल खांद्याला कळत असे. आता ते नळाने येते. तेव्हा ते मोल कानाला तरी कळले पाहिजे. आज रात्री निजानीज झाली, की क्षणभर शौचालयाच्या दाराशी उभे राहून पाहा. आत पूर्ण शांतता असेल, तर आपले घर निश्चिंतपणे झोपू शकते.