चिखलासह रोहित

पक्ष्याच्या छायाचित्राविषयी एक अपेक्षा आता रूढ झाली आहे: पक्षी चौकटभर असावा, त्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका असावा आणि मागे शक्यतो काहीच नसावे. टेलिफोटो लेन्स पार्श्वभूमी विरघळवून टाकते. उरलेले काम संगणकावरची कात्री करते. अशा चित्रावरून पक्ष्याची जात ओळखता येते, पण तो कुठे उभा होता आणि काय खात होता, हे समजत नाही.

शिवडीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी टिपलेले छोट्या रोहितांचे, म्हणजे लेसर फ्लेमिंगोंचे, एक छायाचित्र माझ्या संग्रहात आहे. खाली बराचसा करडा चिखल, मध्ये पक्ष्यांची गुलाबी रेघ, वर धुरकट आभाळात कारखान्यांची धुरांडी. पाहणारे बहुतेक जण सुचवतात, की चिखल आणि धुरांडी कापा, दोन पक्षी पुरेत. मी तसे करून पाहिले. कापलेले चित्र निःसंशय अधिक देखणे होते.

अडचण अशी, की तो गुलाबी रंग उपजत नसतो. रोहिताची पिल्ले राखाडी असतात. पाण्या-चिखलातल्या शैवालामधली रंगद्रव्ये अन्नावाटे पोटात जातात आणि सावकाश पिसांत उतरतात. चिखल कापला, की रंगाचे कारणच कापले जाते. कवितेतली एखादी ओळ सुटी काढून सुभाषितासारखी वापरावी, तसेच हे. ओळ सुंदर राहते. ती कशातून आली, ते हरवते.

ऑडुबॉनने ‘द बर्ड्‌स ऑफ अमेरिका’मध्ये (१८२७-३८) पक्षी प्रत्यक्ष आकारात दाखवण्याचा हट्ट धरला. कागदात मावण्यासाठी त्याच्या रोहिताला मान खाली वाकवावी लागली. तरीही त्याच्या मागे दूरवर इतर रोहित आहेत, त्यांच्या पायांखालची उथळ जागा आहे.

आपल्या भाषेत चिखल येतो तो कमळाचे कौतुक वाढवायला, नाहीतर चिखलफेकीत. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून निघणारा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला. ज्याने केवळ कापलेले पक्षी पाहिले आहेत, त्याला खाडीकाठचा चिखल मोकळी पडलेली जमीनच वाटेल, आणि ती भरून काढण्यात काय गमावले जाते, हे त्याला कोणत्याही चित्रातून कळणार नाही.

म्हणून मी ते छायाचित्र पूर्ण ठेवले आहे. त्यात पक्षी लहान दिसतात, हे मान्य. पण ते कशावर जगतात, तेही दिसते.