दिलेला शब्द

मुलांनो, दुकानाच्या पाटीवर लिहिलेला भाव किंवा जाहिरातीत छापलेले बक्षीस म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्दच होय. परंतु तो शब्द चुकून दिला गेला असेल, तर व्यापाऱ्याने तो पाळावा काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

फिलिपाईन्स या द्वीपराष्ट्रात १९९२ साली घडलेली हकिकत ऐका. तेथे पेप्सी या पेयाच्या बाटल्यांच्या झाकणांत तीन आकडी क्रमांक छापलेले असत. विजयी क्रमांक दूरचित्रवाणीवर जाहीर होई. सर्वांत मोठे बक्षीस होते १० लक्ष पेसोंचे, म्हणजे गरिबाला जन्मभर पुरेल एवढे. २५ मे रोजी ३४९ हा क्रमांक जाहीर झाला आणि घरोघर आनंदीआनंद झाला! परंतु मोठी बक्षिसे मोजक्याच लोकांसाठी होती. आणि ३४९ क्रमांकाची झाकणे तर सुमारे ८ लक्ष निघाली होती. प्रत्येकाला १० लक्ष द्यावयाचे म्हटले, तर ८०,००० कोटी पेसो लागले असते. कंपनीने झाकणामागे ५०० पेसो देऊ केले. अनेकांनी ते घेतले. इतरांचा संताप अनावर झाला. गाड्या जाळल्या गेल्या, काही माणसे प्राणांस मुकली. अखेर २००६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर बक्षिसाची जबाबदारी नाही, असा निर्णय दिला.

कंपनी कायद्याच्या कचाट्यातून सुटली. पण ज्या आईने ते झाकण उराशी धरून मुलांच्या शिक्षणाचे स्वप्न पाहिले असेल, तिच्या मनातून ती कायमची उतरली असेल. अब्रू थेंबाने जाते, ती हौदाने येत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावी वह्या-पुस्तकांचे एक दुकान होते. शाळा उघडण्याच्या दिवसांत दुकानदाराच्या मुलाने पाटीवर साठ पैशांच्या वहीचा भाव चाळीस पैसे लिहिला. दुकानासमोर मुलांची रांग लागली, तेव्हा चूक ध्यानात आली. दुकानदाराने पाटी पुसली. परंतु रांगेतल्या प्रत्येकाला वही चाळीस पैशांनाच दिली. “पाटी माझी, तेव्हा चूकही माझी,” एवढेच तो म्हणाला. पुढे कित्येक वर्षे आमचा गाव त्याच्याच दुकानी जात असे.

आपल्या देशाचा १८७२ चा करार कायदाही सांगतो, की एकाच पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली, एवढ्याच कारणाने करार रद्द करता येत नाही. मात्र गिऱ्हाइकाचेही एक कर्तव्य आहे. हजार रुपयांच्या घड्याळावर चुकून दहा रुपये छापलेले दिसले, तर ती चूक आपल्याला उघड कळते. कळूनही दहा घड्याळांसाठी धावणे हा हक्क नव्हे, लोभ होय.

म्हणून मला वाटते, की ज्याच्या शब्दावर भोळ्या विश्वासाने कोणी विसंबला, त्याने आपल्या चुकीचा भार स्वतः उचलावा. तो पेलण्यापलीकडचा असेल, तर चूक तत्काळ कबूल करावी आणि शक्य तितके नुकसान भरून द्यावे. आणि ज्याचा भार पेलणार नाही, असा शब्द देण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.